लागली म्हणजे काय लागली?

भिंगरीला कोणी काही विचारायचं नाही, हा कायदा घरात आत्यानं केला आणि मोडलाही आत्यानंच.

कायदा साधा होता. समुद्रकाठच्या शहरातल्या जहाजबांधणीच्या कॉलेजची यादी लागायची तेव्हा लागेल. तोवर पोरीच्या मागे 'लागली का, लागली का' असा धोशा नको. जेवताना तो विषय नको, तिच्या फोनकडे चोरून बघणं नको, आणि ती गप्प बसली तर 'काय गं, काय झालं?' हे तर मुळीच नको. धाकट्याला, म्हणजे भिंगरीच्या बापाला, हे लगेच पटलं. कमी बोलायला सांगणारा कुठलाही कायदा त्याला पटायचाच. वहिनीला, म्हणजे भिंगरीच्या आईला, पटलं नाही, पण या नणंदेपुढं तोंड उघडून उपयोग नसतो हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती. थोरल्या दादांचा तर मुळात यादीलाच विरोध. "आपल्या सात पिढ्यांत कोणी होडीत पाय ठेवला नाही, आणि ही जहाजं बांधणार! कुलपं करणाऱ्यांच्या पोरांनी कुलपं करावीत," असं ते दर आठवड्याला येऊन ऐकवून जायचे. ते स्वतः कुलपं सोडून विमा विकत होते, ही गोष्ट वेगळी.

कायदा करण्याचा अधिकार आत्याला होता, कारण तिची सगळी नोकरी वाट बघणाऱ्या माणसांसमोर गेली होती. गावातल्या कॉलेजात प्रवेशाची खिडकी तिच्याकडे. खिडकीबाहेर आया रडायच्या, बाप ओरडायचे, पोरं नखं खायची, एखाद्याचे आजोबा थेट मंत्र्यांची ओळख सांगायचे. आत्या चष्मा नाकावर सरळ करायची आणि म्हणायची, "शांत राहा. यादी लागली की कळेल." बास. कॉलेजातले लोक पाठीमागे तिला 'बर्फाची लादी' म्हणायचे. आत्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

या वर्षी मात्र लादीला पाणी सुटलं होतं. डबा अर्धा परत यायला लागला. पेन हातात धरून ती पेन शोधायची. समोरचं पोर काय विचारतंय ते दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय डोक्यात शिरायचं नाही. घरी कायदा, म्हणून भिंगरीला विचारायची सोय नाही. आणि आपणच केलेला कायदा, म्हणून दुसऱ्या कोणाजवळ बोलायचीही सोय नाही. स्वतःच्या हातानं तोंडाला टाळं लावून घेतलं होतं बाईनं, तेही कुलूपवाल्यांच्या घरात.

त्या दुपारी खिडकीसमोरची रांग संपली. उरल्या त्या दोघी, रोजच्या. आई कुठल्यातरी कारखान्यात पाळीवर जात असावी, कारण तिच्या अंगावर कायम तोच निळा डगला. मुलगी उंच, खांदे पाडून उभी राहणारी. कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं होतं. म्हणजे कोणीतरी एकानं जागा सोडली की तिचं काम झालं. पण सोडतंय कोण? आई रोज विचारायची, "काही हललं का हो?" आत्या रोज सांगायची, "हललं की कळवू." मुलगी कधीच काही बोलायची नाही.

"थांबा जरा," म्हणत आत्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि घराखालच्या धाकट्याच्या दुकानात फोन लावला. भिंगरीला विचारायचं नाही असा कायदा होता. तिच्या बापाला विचारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

"काय रे, लागली का?"

"लागली!" धाकटा चक्क ओरडला. "ताई, आत्ता लागली! अगदी या क्षणाला! सकाळपासून जीव खाल्लाय नुसता!"

आत्यानं टेबलाची कड धरली. "अगं बाई! आणि तिला कळलं?"

"समोरच तर उभी आहे."

"कशी आहे रे?"

"रडतेय. हसतेय पण. दोन्ही एकदम चाललंय." धाकट्याचाही आवाज भरून आला होता. "ठेवतो गं. हात तेलाचे आहेत."

आता आत्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं आणखी एखादा प्रश्न विचारला असता. कुठल्या शाखेत, कितवा नंबर, काहीतरी. पण जे ऐकायला कान आसुसलेले असतात ते ऐकू आलं की माणूस पुढचं विचारत नाही. आत्याच्या छातीत इतके दिवस अडकलेलं काहीतरी एकदम सुटलं. तिनं भिंतीकडं तोंड करूनच डोळे पुसले, खण उघडला आणि भिंगरीचा कागद बाहेर काढला.

कागदाचं असं होतं. याच कॉलेजात विज्ञानाला भिंगरीची जागा पक्की झाली होती. समुद्राकडं नाही जमलं तर निदान हे तरी, म्हणून. पण दोन दोन ठिकाणी जागा अडवून बसणाऱ्या पोरांवर आत्या वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर तोंडसुख घेत आली होती. ते ऐकत वाढलेल्या भिंगरीनं जागा सोडत असल्याचा कागद आधीच सही करून तिच्याकडं दिला होता. "तिकडे लागलं की लगेच सोड आत्या. माझ्यापायी कोणी ताटकळायला नको."

तो कागद आत्यानं साहेबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. साहेब घरी गेले होते. सकाळी आले की पहिली सही त्यावर. मग ती खिडकीशी आली आणि त्या उंच मुलीला म्हणाली, "उद्या सकाळी ये. जागा झालीय."

आईनं तोंडावर हात घेतला. मुलगी पहिल्यांदाच बोलली. "नक्की?"

इतक्या वर्षांत आत्यानं खिडकीतून 'नक्की' हा शब्द कधी उच्चारला नव्हता. नव्या कारकुनांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची, बाबांनो, काय वाटेल ते म्हणा, नक्की म्हणू नका.

"नक्की," आत्या म्हणाली.

*

घरी येताना तिनं केक आणला आणि वाटेतूनच दादांना कळवलं. दुकानावरून जाताना आत डोकवावं असं तिला वाटलं होतं, पण धाकटा गिऱ्हाइकात होता आणि केक उन्हानं पाघळत होता, म्हणून ती तशीच जिना चढून वर आली. वहिनी औषधांच्या दुकानातली पाळी संपवून नुकतीच आली होती आणि कांदा चिरत होती. बातमी ऐकून तिनं सुरी खाली ठेवली.

"कोणी सांगितलं?"

"हा म्हणाला. फोनवर."

"म्हणजे तिनं बापाला सांगितलं. आणि बापानं बहिणीला." वहिनी स्टुलावर बसली. "आणि मी? मी कोण या घरात, कांदा चिरायला ठेवलेली बाई?"

"अगं, तिला फोन लावू आपण आत्ता..."

"नको. येऊ दे तिला. बघू दे मला तिचं तोंड." असं म्हणाली आणि मग वहिनीला हसूही आलं आणि रडूही. कांद्याचं निमित्त होतंच. ती उठली आणि आत्याच्या गळ्यात पडली. या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्याचं घरानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दादा आले. त्यांच्यामागून जिन्यावर धडधड आवाज करत एक भलीमोठी चाकांची बॅग आली.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"बॅग आहे. दिसत नाही का?" दादा धापा टाकत म्हणाले. "तिथं समुद्राची दमट हवा. आपल्या घरातल्या बॅगांना तिथं बुरशी धरेल. ही चांगली आहे, पाणी शिरत नाही."

"पण एवढ्यात आणलीत कुठून?"

दादांनी बॅगेचा दांडा आत ढकलला, बाहेर काढला, परत आत ढकलला. "होती घरी."

"घरी होती?"

"अगं, सवलत चालू होती मागं कधीतरी, घेऊन ठेवली! काय उलटतपासणी चालवली आहेस?"

वहिनी आणि आत्या एकमेकींकडं बघत राहिल्या. दर आठवड्याला येऊन सात पिढ्यांची होडी सांगणारा हा माणूस, आणि आधीच बॅग घेऊन बसला होता. आत्याला भावाचा असा उमाळा आला की तिनं त्यांना केकचा पहिला तुकडा भिंगरीच्याही आधी द्यायचं ठरवलं.

आणि मग भिंगरी आली. संध्याकाळी ती तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. केस ओले, खांद्यावर टॉवेल, पायात चपला फटफटत. दारातच थांबली. केक बघितला, काका बघितले, बॅग बघितली, आईचे लाल डोळे बघितले.

"कोणाचा वाढदिवस?"

"घ्या!" दादा म्हणाले. "आम्हालाच विचारतेय! अगं, यादी लागली ना!"

भिंगरीच्या खांद्यावरचा टॉवेल पडला. "लागली?" तिचं तोंड असं उजळलं की आत्याच्या जन्मभर लक्षात राहावं. "मी पाण्यात होते, फोन बघितलाच नाही... आत्या, तू बघितलीस? माझं नाव तू बघितलंस?"

ती फोन काढायला लागली. हात ओले होते, फोन उघडेना. तिनं तो दंडाला पुसला. तेव्हा कुठं आत्याच्या ध्यानात आलं. पोरीला माहीत नव्हतं. मग दुकानात बापासमोर उभी राहून कोण रडत होतं, कोण हसत होतं?

भिंगरीनं बघितलं. बोटानं पान खाली ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग मान वर न करता म्हणाली, "नाही लागलेली."

जिन्यावर पावलं वाजली आणि धाकटा फडक्याला हात पुसत वर आला. "अरे वा, दादा! आज कसे काय? केक कसला?"

"लागली म्हणालास ना तू?" आत्याचा आवाज चिरकला. "मी फोन केला तेव्हा! लागली म्हणालास!"

"हो. लागलीच."

"काय लागली?"

"किल्ली!" धाकटा सगळ्यांच्या तोंडांकडं बघत म्हणाला. "सकाळी चहा पिताना सांगितलं नाही का तुला? ती परिचारिका मुलगी, आई गेली तिची, आईच्या पेटीची किल्ली सापडत नव्हती. फोडू नका म्हणत होती. सकाळपासून कानस मारत होतो. तू फोन केलास आणि त्याच क्षणाला लागली."

सकाळी चहा पिताना त्यानं सांगितलं होतं. आत्यानं 'हं हं' केलं होतं आणि ऐकलं काडीचंही नव्हतं. या दुकानात नवी किल्ली कुलपात फिरली की 'लागली!' असं ओरडायची पद्धत त्यांच्या वडिलांपासून होती. आत्या ते ऐकतच लहानाची मोठी झाली होती. सगळ्या गावात हा घोटाळा फक्त याच घरात होऊ शकत होता, आणि झाला.

दादांना हसू फुटलं. खो खो हसत ते खुर्चीत बसले. "धन्य आहे! यांची किल्ली लागते आणि आम्ही बॅगा ओढत येतो!" धाकटाही हसला. भिंगरीसुद्धा, जरा उशिरानं, तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसली. "चला, केक तरी खाऊ. रंगीत तालीम झाली समजा."

पण आत्या हसत नव्हती. वहिनीचं लक्ष गेलं.

"ताई, काय झालं?"

"मी जागा सोडली," आत्या म्हणाली. "इथली. तिचा कागद दिला मी ट्रेमध्ये टाकून."

*

मग जे काय झालं ते भांडणच होतं, पण या घरातलं भांडण सरळ कधी चालत नाही. आधी वहिनी आणि दादा एका बाजूला झाले, ज्यांचं एरवी पाणी प्यायच्या पेल्यावरूनही जमत नसे.

"दुसऱ्याच्या पोरीवर दानशूरपणा करणं सोपं असतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "तुमच्या हातात माझ्या लेकीचं वर्ष होतं, ताई. एक फोन करायचा होता. एकच. मला, नाहीतर तिला."

"विचारायचं नाही म्हणून कायदा केला ना हिनं!" दादांनी तेल ओतलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! जगाला शांत राहा शांत राहा सांगणार, आणि स्वतः?"

"चूक माझी पण आहे," धाकटा म्हणाला. "मी नीट ऐकलं नाही ती काय विचारतेय."

"मध्ये पडायचं नाही," वहिनी आणि आत्या एकदम म्हणाल्या.

"कागदावर सही झालीय का साहेबांची?" दादा विम्याच्या आवाजात आले. दाव्याची कागदपत्रं बघताना त्यांचा असा आवाज व्हायचा.

"नाही. सकाळी होईल."

"म्हणजे अजून काहीच झालेलं नाही! मग रडताय कशाला? सकाळी सगळ्यांच्या आधी जा, कागद काढून घे, फाडून टाक. विषय संपला. हवं तर आत्ताच जाऊ. हा आहेच की, ऑफिसचं कुलूप कितीसं असणार!"

"दादा!" धाकट्यानं फडकं टेबलावर आपटलं. तो असा कधी ओरडत नसे. "मालक समोर असल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. आणि हे चेष्टेतही बोलायचं नाही या घरात."

"बरं बाबा, राहिलं. सकाळी जाऊ दे तिला."

"मी एका मुलीला सांगितलंय," आत्या म्हणाली.

"काय सांगितलंय?"

"जागा झाली, सकाळी ये, असं."

"तोंडी ना?"

"तोंडी. तिनं विचारलं, नक्की का. मी म्हणाले, नक्की."

दादांनी खांदे उडवले. "तोंडीच तर आहे. सांगायचं, गडबड झाली. जगात रोज होतात गडबडी. कोण कुठली मुलगी, आपल्याला काय करायचंय?"

आता वहिनीनं मात्र दादांना साथ दिली नाही. औषधांच्या दुकानात खिडकीच्या आत तीही उभी राहायची. 'उद्या या, उद्या नक्की मिळेल' म्हणून पाठवलेली माणसं दुसऱ्या दिवशी कोणत्या चेहऱ्यानं येतात ते तिला ठाऊक होतं. "कोण आहे ती मुलगी?" तिनं हळूच विचारलं.

"मला नावसुद्धा आठवत नाहीये नीट. रोज येते आईबरोबर. काही बोलत नाही."

"आज बोलली पण," धाकटा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली, पण तिचा जोर गेला होता. ती उठून ओट्याशी गेली आणि अर्धवट राहिलेला कांदा उगाचच पुन्हा चिरू लागली. "मला काही कळत नाहीये. माझ्या पोरीचंही व्हायला हवं आणि त्या पोरीचंही. असं कसं चालेल?"

इतका वेळ भिंगरी बॅगेवर बसली होती. लहानपणी एक क्षण जागेवर न ठरणारी, म्हणून भिंगरी. गेले कित्येक दिवस ती अशी बसून राहायला शिकली होती आणि ते बघवत नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला तुझा राग आलाय. खूप आलाय. इतका की तुझ्याकडं बघवत नाहीये."

"येणारच गं."

"जागा गेली म्हणून नाही. मगाशी मला वाटलं ना, लागली म्हणून... तेवढं एक मिनिट मी समुद्रावर होते. तू परत आणलंस मला. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून." पण ती रडली नाही. "कागद मी सही करून दिला होता. तुझ्याकडून चूक झाली, पण शब्द मीच दिला होता. राहू दे त्या मुलीला जागा."

"आणि तिकडे नाही लागलं तर?" वहिनी न वळता म्हणाली.

"मला काय माहीत आई? मला कसं माहीत असणार? तुम्ही सगळे मला शांत राहा शांत राहा म्हणता आणि तुमच्यापैकी एक तरी शांत आहे का?" ती उठली. "मला केक नकोय."

ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. दादांनी बॅग हळूच भिंतीकडं सरकवली आणि कोणाचाही निरोप न घेता जिना उतरले.

*

आत्यानं ठरवून टाकलं होतं. पोरगी काहीही म्हणो. पोरी या वयात मोठं बोलतात आणि नंतर आयुष्यभर त्याची किंमत देत राहतात. आपली चूक, आपण निस्तरायची. त्या उंच मुलीसमोर तोंड काळं करायची वेळ आली तर करू. खिडकीच्या आतल्या बाईला लोक तसेही शिव्याच देतात, आणखी एक दिली तर काय भोकं पडणार आहेत अंगाला? सकाळी कुणी उठायच्या आत ती घराबाहेर पडली.

शिपाई येईपर्यंत तिला बाजूच्या दाराशी बराच वेळ थांबावं लागलं, मग त्यानं कुलूप काढलं. आत्यानं दिवा लावला. साहेबांच्या टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये वरच भिंगरीचा कागद. तिनं तो उचलला. फाडायला काही ताकद लागत नव्हती. दोन बोटांत धरला आणि तिला वाटलं, आधी खिडकी उघडावी, हवा येऊ द्यावी.

तिनं खिडकी उघडली. समोरच्या बाकावर त्या दोघी येऊन बसल्या होत्या. कॉलेज उघडायला अजून अवकाश होता, तरी येऊन बसल्या होत्या. आईनं आज निळा डगला घातला नव्हता. पाळी बुडवून, ठेवणीतले कपडे घालून आली होती. आणि त्यांच्या शेजारी, त्याच बाकावर, भिंगरी.

ती त्या मुलीशी बोलत होती. मुलीनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, भिंगरीपुढं धरला. भिंगरीनं एक घेतलं. ही कोण, हे त्या मुलीला माहीत नव्हतं, हे उघड होतं. भिंगरीनं मान वर केली आणि आत्याला बघितलं. हातातला कागद बघितला.

ती उठून खिडकीशी आली. हळू आवाजात म्हणाली, "फाडलास?"

"नाही अजून."

"फाडणार होतीस ना?"

"हो."

"मला माहीत होतं." भिंगरी खिडकीच्या कडेवर बोटं फिरवत राहिली. "म्हणून आले. आता खरं सांगू? तुला अडवायला आले की फाड म्हणायला आले, ते सबंध रस्ता माझं मलाच कळेना. मग ही बाकावर दिसली. मला म्हणाली, तू पण थांबलीयेस का? मी म्हटलं हो. तर म्हणाली, माझं झालं आता, तुझं पण होईल. काही ओळख ना पाळख, आणि मला म्हणतेय तुझं पण होईल!" तिनं नाक ओढलं. "ठेव तो कागद, आत्या. लवकर ठेव. मी पुन्हा बदलायच्या आत."

आत्यानं कागद ट्रेमध्ये ठेवला.

साहेब आले, चहा मागवला, ट्रेमधला पहिला कागद घेतला, न वाचता सही केली. आत्यानं त्या मुलीला खिडकीशी बोलावलं. नाव विचारलं, कागद पुढं केले, कुठं सही करायची ते दाखवलं. आई खिडकीतून हात आत घालून आत्याची बोटं दाबत राहिली आणि कितीतरी वेळ सोडेना. त्या दोघी गेल्या तेव्हा मुलीचे खांदे पडलेले नव्हते. फाटकाशी तिनं वळून बाकाकडं हात हलवला.

भिंगरी बाकावर एकटीच राहिली. मांडीवर फोन, फोनवर काही नाही. रांग लागायला सुरुवात झाली होती. कोणीतरी विचारलं, "बाई, यादी कधी?" आत्याच्या तोंडात तयार उत्तर होतं, जन्मभराचं, आणि ते बाहेर येईना.

"पाच मिनिटं थांबा हं," असं म्हणून तिनं खिडकी लावून घेतली. भर कामाच्या वेळेला खिडकी लावताना तिला कॉलेजात कोणी कधी पाहिलं नव्हतं. साहेबसुद्धा कप हातात धरून बघत राहिले. बाजूच्या दारानं ती बाहेर आली आणि रांगेच्या कडेकडेनं बाकापाशी गेली.

भिंगरीनं वर बघितलं. रात्रभर जे दाबून ठेवलं होतं ते आता डोळ्यांत आलं होतं. "आत्या, मला भीती वाटतेय गं. आता हातात काहीच नाहीये माझ्या."

शांत राहा, असं म्हणायचं होतं.

"मलाही वाटतेय," आत्या म्हणाली. "खूप वाटतेय. सरक जरा."